सिंहेत एक, कुंभेत सात : दूरच्या ग्रहांची हवा इथे बसून कशी वाचतात?

गोदातीर (धागाकर्ती)

सर्वांना नमस्कार. मी नाशिकमधील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या वर्गात प्रकाशाचे अपस्करण शिकवून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला त्या तासात अर्धेच देता आले. तिचा प्रश्न असा होता : "बाई, १२४ प्रकाशवर्षांवरच्या ग्रहावर मिथेन सापडला असे वर्तमानपत्रात आले होते. तो ग्रह कोणी पाहिलेलाच नाही, मग त्याची हवा कोणी पाहिली?" उरलेले अर्धे उत्तर देण्यासाठी मी गेला महिनाभर वाचन करते आहे. जे समजले ते येथे मांडते. चुकले असेल तेथे जाणकारांनी दुरुस्त करावे.

मी सुरुवात अधिक्रमणापासून, म्हणजे ग्रह ताऱ्याच्या बिंबासमोरून जाण्याच्या घटनेपासून केली. ६ जून २०१२ रोजी शुक्राचे अधिक्रमण झाले, तेव्हा आम्ही काही शिक्षक मुलांना घेऊन म्हसरूळच्या चामर लेण्यांच्या पायऱ्यांवर पहाटेच जाऊन बसलो होतो. सूर्य उगवला तोच अंगावर काळा ठिपका घेऊन, आणि साडेदहाच्या आत तो ठिपका बिंबाच्या कडेवरून निघून गेला. त्या दिवशी शुक्राने सूर्याचा सुमारे एक हजारांश प्रकाश अडवला होता. शुक्र आपल्या जवळ असल्यामुळे तो एवढा मोठा दिसला. हेच दृश्य दुसऱ्या एखाद्या ताऱ्याजवळून कोणी पाहिले, तर शुक्रामुळे होणारी घट दहा लाखांत ७६ भाग इतकीच भरेल. गुरूसारखा ग्रह मात्र सूर्याचा जवळजवळ एक टक्का प्रकाश अडवील. बाह्यग्रहांच्या, म्हणजे सूर्याऐवजी इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या बाबतीत दुर्बिणीला ग्रह दिसतच नाही. तारा दिसतो, तो ठरावीक दिवसांनी ठरावीक वेळ किंचित मंद होतो, आणि त्या मंदपणावरून ग्रहाचा आकार कळतो.

आता हवेकडे वळू. ग्रह ताऱ्यासमोर असताना थोडासा प्रकाश ग्रहाच्या कडेच्या हवेतून तिरका आरपार जातो. संध्याकाळी गंगापूर धरणावरून ब्रह्मगिरीच्या मागे मावळणारा सूर्य तांबडा दिसतो, कारण त्या वेळी त्याचा प्रकाश आपल्या हवेतून फार लांबचा आडवा प्रवास करून येतो आणि निळा भाग वाटेतच विखुरला जातो. दूरच्या ग्रहाच्या कडेवरही असेच घडते. शिवाय तेथील प्रत्येक वायू आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतो. त्यामुळे त्या तरंगलांबीत पाहिले असता ग्रह किंचित मोठा भासतो आणि ताऱ्याचा प्रकाश किंचित अधिक घटतो. निरनिराळ्या तरंगलांबींना ही घट किती भरते, हे मोजले की हवेतल्या वायूंची नावे हाती येऊ लागतात.

सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला बाह्यग्रह मिशेल मायोर आणि दिदिए क्वेलो यांना १९९५ मध्ये सापडला. त्यासाठी त्यांना २०१९ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. अधिक्रमण करणारा पहिला बाह्यग्रह, एचडी २०९४५८ बी, १९९९ मध्ये मिळाला. त्याच ग्रहाच्या हवेत सोडियम असल्याचे हबल दुर्बिणीच्या नोंदींतून २००१ मध्ये जाहीर झाले. तो ताऱ्याचा सुमारे दीड टक्का प्रकाश अडवतो, आणि सोडियमच्या पिवळ्या रेषेजवळ ही घट आणखी केवळ ०.०२ टक्के वाढते. एखाद्या बाह्यग्रहाची हवा माणसाने प्रथम वाचली ती या ०.०२ टक्क्यांमधून.

शीर्षकाविषयी थोडे सांगते. गुरू सिंहेत आला की आपल्याकडे सिंहस्थ भरतो, हे नाशिककरांना सांगायला नको. वर मिथेनच्या ज्या ग्रहाचा उल्लेख आला तो के२-१८ बी हा ग्रह सिंह तारकासमूहातच आहे, आणि पृथ्वीएवढ्या सात ग्रहांचा ट्रॅपिस्ट-१ हा तारा कुंभेत आहे. मी गणित करून पाहिले, तेव्हा निरयन राशींच्या हिशेबानेही हे दोन्ही तारे सिंह आणि कुंभ याच राशींत येतात असे आढळले. या योगायोगाला खगोलशास्त्रात काही अर्थ नाही, पण माझ्या विद्यार्थ्यांना त्यामुळे आकाशातल्या त्या दोन जागा कायमच्या लक्षात राहिल्या. दोन्ही तारे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

माझ्या दोन शंका आहेत. एवढा सूक्ष्म फरक खरोखर ग्रहाचाच आहे, ताऱ्याचा किंवा यंत्राचा नाही, हे कसे ठरवतात? आणि पृथ्वीसारख्या ग्रहाची हवा या पद्धतीने वाचता येते का?

वर्णरेषा

गोदातीर ताई, मांडणी अचूक आहे. मी भौतिकशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. दुसऱ्या शंकेचे उत्तर आकड्यांनी देता येते, म्हणून तेथूनच सुरुवात करते.

हवेचा थर किती जाड आहे, हे सांगण्यासाठी "मापोंची" नावाची राशी वापरतात. जेवढे वर गेल्यावर दाब सुमारे २.७ पटींनी कमी होतो, ती उंची म्हणजे मापोंची. पृथ्वीवर ती सुमारे साडेआठ किलोमीटर आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर असल्यामुळे येथील दाब मुंबईपेक्षा साधारण सात टक्क्यांनी कमी असतो, तर १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावर तो सुमारे १८ टक्क्यांनी कमी भरतो. मापोंची तीन गोष्टींवर अवलंबून असते. हवा जितकी तापलेली, तिचे रेणू जितके हलके आणि ग्रहाचे गुरुत्व जितके कमी, तितकी ती वाढते. एचडी २०९४५८ बी हा हजार अंशांहून अधिक तापलेला आणि मुख्यतः हायड्रोजनचा ग्रह आहे, म्हणून त्याची मापोंची पाचशे किलोमीटरच्या घरात जाते. सुरुवातीची सगळी यशे अशा फुगलेल्या, तप्त ग्रहांवर मिळाली, याचे कारण हेच आहे.

आता पृथ्वीचा हिशेब करू. शोषण करणाऱ्या हवेची जाडी ४० किलोमीटर धरली, तर सूर्यासमोरून जाताना त्या कड्यामुळे होणारी जादा घट दहा लाखांत केवळ एक भाग येते. हाच ग्रह ट्रॅपिस्ट-१ समोरून जात असेल, तर घट दहा लाखांत सुमारे सत्तर भाग होते, कारण त्या ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या १२ टक्के, म्हणजे गुरूपेक्षा थोडीशीच मोठी आहे. ग्रह तोच, हवा तीच, फक्त मागचा दिवा लहान. संशोधक लहान, तांबड्या ताऱ्यांच्या मागे लागले आहेत ते यासाठी. अशा ताऱ्यांजवळच्या जीवसृष्टीची आशा हे कारण दुय्यम आहे, असे माझे मत आहे.

पहिल्या शंकेचे उत्तर लांबलचक आहे, आणि या विषयाचा खरा कस तेथेच लागतो. येथे कोणी हवा थेट पाहत नाही. ताऱ्याच्या अधिक्रमणाबाहेरच्या नोंदीतून अधिक्रमणातली नोंद वजा केली जाते आणि उरलेल्या बाकीला आपण ग्रहाची हवा म्हणतो. म्हणून कोणतीही बातमी वाचताना वजाबाकी कशातून काय झाली आहे, हे आधी विचारावे. ज्या प्रकाशातून आपण वजा करतो तो संपूर्ण ताऱ्याचा सरासरी प्रकाश असतो, पण ग्रह त्या बिंबावरच्या एका अरुंद पट्ट्यावरूनच जातो. बाकीच्या बिंबावर थंड डाग असतील आणि पट्ट्यात नसतील, तर वजाबाकीत डागांचा वर्णपट शिल्लक राहतो. हे डाग इतके थंड असू शकतात की त्यांत पाण्याची वाफ टिकते. आपल्या सूर्याच्या डागांतही पाण्याच्या खुणा १९९५ मध्ये नोंदल्या गेल्या आहेत, आणि तांबडे तारे तर सूर्यापेक्षा कितीतरी थंड. म्हणजे ताऱ्यावरचे पाणी चुकून ग्रहाच्या खात्यावर जमा होऊ शकते.

निफाडकर

माझी द्राक्षबाग आहे. हवा, दव आणि धुके यांच्याकडे डोळे लावून बसणे हा आमचा रोजचा व्यवहार असल्यामुळे हा धागा दोनदा वाचला. थंडीत निफाडला पारा खाली गेला की पहाटे बागेत असे धुके साचते की चार ओळींपलीकडचा वेल दिसत नाही. दूरच्या ग्रहावर असे ढग किंवा धुके असेल, तर त्याच्या कडेतून प्रकाश जाणारच कसा? आणि प्रकाश गेला नाही, तर खाली हवा आहे की नाही हे कसे कळणार?

वर्णरेषा

निफाडकर काका, आपण या क्षेत्रातल्या सर्वांत त्रासदायक प्रश्नावर बोट ठेवले आहे. जीजे १२१४ बी हा ग्रह २००९ मध्ये सापडला. तो पृथ्वीपेक्षा मोठा, नेपच्यूनपेक्षा लहान आणि आपल्यापासून सुमारे ४८ प्रकाशवर्षांवर आहे. तारा लहान आणि ग्रहाची घनता कमी, त्यामुळे त्याची हवा ठळकपणे वाचता येईल, अशी सर्वांची अपेक्षा होती. हबलने त्याची अनेक अधिक्रमणे नोंदली आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला वर्णपट जवळजवळ सपाट रेषेसारखा निघाला. पाणी नाही, मिथेन नाही, चढउतारच नाहीत. मोजमाप इतके काटेकोर होते की जड वायूंची पातळ हवा हे स्पष्टीकरणही बसेना, आणि उंचावर ढग किंवा धुरके आहे एवढाच निष्कर्ष उरला.

आपल्या बागेच्या भाषेत सांगायचे, तर तिरक्या नजरेला धुके अधिक दाट लागते. सरळ वर पाहिले तर सकाळी आठला निळे आकाश दिसू लागते, पण आडव्या दिशेला वेल दिसत नाहीत. अधिक्रमणात आपण नेहमी आडवेच पाहतो, त्यामुळे विरळ धुरकेसुद्धा भिंतीचे काम करते. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे अवरक्त पट्ट्यात अधिक लांब तरंगलांबीकडे जाणे, कारण बारीक कणांचे धुरके तेथे काहीसे पारदर्शक होते. दुसरा म्हणजे कडेचा नाद सोडून ग्रहाची स्वतःची उष्णता मोजणे.

ओझरकर

वर्णरेषा यांनी सांगितलेल्या दुसऱ्या उपायाबद्दल मी लिहितो. माझा व्यवसाय यंत्रांच्या अचूक मापनाचा आहे, त्यामुळे ही पद्धत मला विशेष भावते.

ग्रह ताऱ्याच्या मागे जातो त्या घटनेला पिधान म्हणू. पिधानाच्या आधी आपल्याला तारा आणि ग्रहाची तापलेली दिवसाची बाजू यांचा एकत्रित प्रकाश मिळतो, तर पिधानात निव्वळ ताऱ्याचा मिळतो. दोहोंतला फरक म्हणजे ग्रहाची उष्णता. ही वजाबाकी मला अधिक स्वच्छ वाटते, कारण येथे ताऱ्यावरच्या डागांचा उपद्रव बराच कमी होतो.

जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी सुटली. तिचा आरसा साडेसहा मीटरचा, अठरा षट्कोनी तुकड्यांचा आहे आणि ती पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर राहते. तिने ट्रॅपिस्ट-१ च्या सर्वांत आतल्या ग्रहाची, म्हणजे बी ची, उष्णता १५ मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात मोजली. मार्च २०२३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार त्याच्या दिवसाच्या बाजूचे तापमान सुमारे २३० अंश सेल्सिअस आहे. हवा असती, तर वाऱ्याने उष्णता रात्रीच्या बाजूकडे वाहून नेली असती आणि दिवसाची बाजू याहून बरीच थंड राहिली असती. मोजलेला आकडा उघड्या काळ्या कातळाच्या अपेक्षित तापमानाशी जुळला. एप्रिलच्या दुपारी पांडवलेण्यांच्या कातळावर ज्याने हात टेकवला आहे, त्याला बसाल्टची ही तऱ्हा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

मात्र एकाच तरंगलांबीवरचा आकडा हा एका बिंदूचा आलेख असतो. पुढे १२.८ मायक्रॉनवरही मोजमाप झाले. त्यावर २०२४ मध्ये आलेल्या शोधनिबंधात दोन शक्यता खुल्या ठेवल्या होत्या : एक, हवा नसलेला खडक, दुसरी, कार्बन डायऑक्साइडची धुरकट हवा, जिचे वरचे थर खालच्यापेक्षा गरम आहेत. मग बी आणि सी या दोन्ही ग्रहांची उष्णता त्यांच्या प्रदक्षिणेभर सलग मोजली गेली, आणि निदान जाड हवेची शक्यता मागे पडली. निष्कर्ष एका दमात न घेता असा पायरीपायरीने घेतला गेला, ही गोष्ट मला त्या निष्कर्षापेक्षाही महत्त्वाची वाटते.

कोकणातून_नाशकात

वर्णपटाचा विषय निघाला आहे, तर आमच्या विजयदुर्गाचा उल्लेख व्हायलाच हवा. सन १८६८ च्या सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला आणि तेथे आजही "साहेबाचे ओटे" दाखवतात. म्हणजे दूरच्या तेजोगोलावरचा वायू वर्णपटातून ओळखण्याची परंपरा आपल्या महाराष्ट्रातूनच सुरू झाली.

वर्णरेषा

ही समजूत फार प्रचलित आहे आणि मीसुद्धा लहानपणी तशीच ऐकली होती, पण त्यात दोन वेगळी ग्रहणे एकत्र झाली आहेत. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण भारतातून दिसले, तेव्हा पियेर जान्सेन गुंटूर येथे होते. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होते. त्यांनी ऑक्टोबरमध्ये तेथूनच, ग्रहणाची वाट न पाहता, सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट घेतला आणि त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नाही हे ओळखले. ते विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर विल्यम रॅम्से यांनी १८९५ मध्ये पृथ्वीवरच्या खनिजातून हेलियम वेगळा काढलाही होता. साहेबाचे ओटे खरे आहेत, फक्त त्यांचे साल तीस वर्षांनी पुढचे आहे.

या कथेचा आपल्या विषयाशी जवळचा संबंध आहे. बाह्यग्रहांच्या हवेत हेलियम दिसावा, असे भाकीत २००० मध्येच झाले होते, पण प्रत्यक्षात तो प्रथम सापडला २०१८ मध्ये, डब्ल्यूएएसपी-१०७ बी या ग्रहावर. त्यासाठी पिवळी रेषा वापरली नाही. हेलियमचीच अवरक्तातली, १०८३ नॅनोमीटरची रेषा वापरली. ती मोजली असता ग्रह इतका मोठा भासला की त्याची हवा अवकाशात निसटून चालली आहे, असाच अर्थ निघाला. एचडी २०९४५८ बी च्या बाबतीत हायड्रोजनची अशी गळती २००३ मध्येच दिसली होती. अतिनील प्रकाशातल्या हायड्रोजनच्या रेषेत त्याने ताऱ्याचा सुमारे १५ टक्के प्रकाश अडवला, म्हणजे घन गोळ्याने अडवला असता त्याच्या जवळजवळ दहापट.

ओझरकर

नाशिक-पुणे रस्त्यावरून जाताना नारायणगावच्या आसपास दिसणाऱ्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांचाही येथे संबंध येतो. ग्रहाला चुंबकीय क्षेत्र असेल, तर त्यातून रेडिओ लहरी निघू शकतात, आणि असे क्षेत्र हवेच्या गळतीवर परिणाम करते. हंस तारकासमूहातल्या एचएटी-पी-११ बी या ग्रहाकडून १५० मेगाहर्ट्‌झवर रेडिओ लहरींचा पुसटसा संकेत मिळाल्याचे जीएमआरटीच्या नोंदींवर आधारित एका शोधनिबंधात २०१३ मध्ये मांडले गेले होते. संशोधकांनी त्याला स्वतःच "संकेत" म्हटले होते, "शोध" म्हटले नव्हते.

पंचवटीकर

सर्व चर्चा उद्बोधक आहे, परंतु मूळ मुद्दा बाजूला राहतो आहे असे वाटते. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी के२-१८ बी वर जीवसृष्टीची खूण सापडल्याचे जाहीर केले. त्या चमूचे प्रमुख निक्कू मधुसूदन हे आपल्या वाराणसीच्या आयआयटीचे विद्यार्थी. अशा वेळी आपण अभिमानाने ही गोष्ट मुलांना सांगावी की डाग, धुके आणि वजाबाकी यांतच अडकून राहावे?

गोदातीर

पंचवटीकर दादा, अभिमान मलाही आहे, आणि माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न याच ग्रहाबद्दल होता. म्हणूनच मी या ग्रहाचा इतिहास सालवार लावून पाहिला.

के२-१८ बी चे वस्तुमान पृथ्वीच्या साधारण साडेआठपट, त्रिज्या अडीचपटीहून थोडी जास्त आणि वर्ष ३३ दिवसांचे. सप्टेंबर २०१९ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी हबलच्या नोंदींवरून तेथे पाण्याची वाफ असल्याचे सांगितले आणि जगभर मथळे झळकले. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबच्या अधिक रुंद वर्णपटातून मधुसूदन यांच्या गटाने मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड शोधले, पण पाण्याच्या वाफेची खात्रीलायक खूण मात्र त्यांना मिळाली नाही. हबलच्या अरुंद पट्ट्यात पाणी आणि मिथेन एकाच ठिकाणी शोषण करतात, त्यामुळे आधी जे पाणी वाटले ते बहुधा मिथेनच होते. पट्टा रुंद झाला आणि वायूचे नाव बदलले, हे मुलांना सांगण्यासारखे आहे, कारण चूक कशी सुधारली गेली हे त्यात स्वच्छ दिसते.

एप्रिल २०२५ चा दावा डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याचा भाऊबंद डायमिथाइल डायसल्फाइड यांचा होता. पृथ्वीवर यातला पहिला वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे हवेत येतो. दाव्याची सांख्यिकी पातळी "तीन सिग्मा" होती. निव्वळ योगायोगाने अशी नोंद मिळण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के आहे, एवढाच त्याचा अर्थ. "९९.७ टक्के जीवसृष्टी आहे" असा तो मुळीच नाही, आणि नेमका हाच गोंधळ अनेक बातम्यांत झाला. शोध म्हणण्यासाठी पाच सिग्मांची अपेक्षा असते, हे दावा करणाऱ्या गटानेही सांगितले होते. पुढे काही महिन्यांत इतर गटांनी त्याच नोंदी पुन्हा तपासल्या. एका विश्लेषणात साधी सपाट रेषासुद्धा पुरेशी जुळली, तर दुसऱ्यांत इतर रेणू तितकेच चांगले बसले. शिवाय डायमिथाइल सल्फाइड ६७पी या धूमकेतूवर आढळला आहे, आणि धूमकेतूवर समुद्र नाही.

मधुसूदन यांचे काम यामुळे लहान होत नाही. इतक्या लहान ग्रहाच्या हवेत मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र ओळखणे हेच मोठे यश आहे. परंतु जी गोष्ट त्यांच्या क्षेत्रातल्या लोकांनी अजून मान्य केलेली नाही, ती मी फळ्यावर सत्य म्हणून लिहू शकत नाही.

पंचवटीकर

पटले. बातमीत "९९.७ टक्के" हेच वाचले होते. आभार. कुंभेतल्या सातांपैकी ज्याच्यावर पाणी असू शकते, त्याचे काय झाले?

वर्णरेषा

आपण ट्रॅपिस्ट-१ ई बद्दल विचारत आहात. वेबने २०२३ मध्ये नोंदलेल्या त्याच्या चार अधिक्रमणांचे निष्कर्ष सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. हायड्रोजनने भरलेली हवा तेथे नसावी, एवढे बऱ्यापैकी स्पष्ट झाले. नायट्रोजनसारख्या जड वायूंची हवा असू शकते किंवा हवा नसूही शकते. चारही वेळा ताऱ्याने आपला रंग वेगवेगळा दाखवला, म्हणजे मी वर लिहिलेली डागांची अडचण येथे प्रत्यक्षात उभी राहिली.

आता त्यावर काढलेली युक्ती पाहा, मला ती फार सुंदर वाटते. बी ग्रहावर जाड हवा नाही, हे ओझरकर यांनी सांगितलेच आहे. मग बी आणि ई यांची अधिक्रमणे जवळजवळ लागोपाठ येतील असे दिवस निवडायचे. उघड्या खडकाच्या वर्णपटात जे चढउतार दिसतील ते सगळे ताऱ्याचेच असणार. ते ई च्या वर्णपटातून वजा करायचे आणि उरेल ते ई च्या हवेचे. एका भावंडाला तराजूच्या रिकाम्या पारड्यासारखे वापरून दुसऱ्याचे वजन करायचे, असा हा प्रकार आहे. त्यासाठीची निरीक्षणे सुरू झाली आहेत.

ताऱ्याची अडचण नसेल तेव्हा वेब काय करू शकते, याचेही एक उदाहरण देते. सुमारे ७०० प्रकाशवर्षांवरच्या, शनीएवढ्या वस्तुमानाच्या डब्ल्यूएएसपी-३९ बी वर २०२२ मध्ये कार्बन डायऑक्साइड निःसंदिग्धपणे सापडला. त्याच वर्णपटात चार मायक्रॉनजवळ एक अनपेक्षित उंचवटा होता, तो सल्फर डायऑक्साइडचा निघाला. ताऱ्याच्या अतिनील प्रकाशाने रेणू तुटून नवे रेणू तयार झाल्याशिवाय हा वायू तेथे तेवढा असू शकत नाही. आपल्या हवेत ओझोन तयार होतो तो अशाच प्रकाश-रसायनाने, आणि बाह्यग्रहावर ही क्रिया चालू असल्याचा तो पहिला पुरावा ठरला.

निफाडकर

आपल्याच पृथ्वीची हवा असे कडेवरून कोणी पाहिली आहे का? पद्धत बरोबर आहे की नाही, हे तपासायला घरचीच हवा सोयीची पडली असती.

रात्रपाळी

काका, पाहिली आहे, आणि तीही चंद्राच्या मदतीने. खग्रास चंद्रग्रहणात चंद्र तांबूस दिसतो, कारण त्याच्यावर पडणारा प्रकाश पृथ्वीच्या कडेच्या हवेतून वाकून गेलेला असतो. १६ ऑगस्ट २००८ च्या चंद्रग्रहणात ला पाल्मा बेटावरील दुर्बिणींनी त्या तांबूस प्रकाशाचा वर्णपट घेतला आणि पृथ्वी हा जणू दूरचा ग्रह आहे असे समजून तो वाचला. त्यात ऑक्सिजन, ओझोन, पाण्याची वाफ, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड हे सगळे मिळाले. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीचे ग्रहण मी ढगांच्या फटीतून पाहिले, तेव्हा चंद्रावरचा तो तांबडा रंग म्हणजे आपलीच हवा आहे, हे मनात सतत घोळत होते.

मी अंबडला कारखान्यात काम करतो आणि सुट्टीच्या रात्री दुर्बीण घेऊन पेठ रस्त्याने सावळघाटाच्या अलीकडे जातो. गोदातीर ताईंच्या विद्यार्थिनींना अधिक्रमण स्वतः मोजायचे असेल तर ते जमण्यासारखे आहे. जंबुक तारकासमूहात, डंबेल तेजोमेघाच्या अगदी शेजारी, एचडी १८९७३३ हा ७.७ प्रतीचा तारा आहे. त्याचा ग्रह दर २.२ दिवसांनी समोरून जातो आणि पावणेदोन तासांहून थोडा अधिक काळ सुमारे २.४ टक्के प्रकाश अडवतो. माझ्या आठ इंची दुर्बिणीला साधा मोनोक्रोम कॅमेरा जोडून मी दर अर्ध्या मिनिटाला एक छायाचित्र घेतो आणि त्याच चौकटीतल्या दुसऱ्या ताऱ्याशी त्याच्या प्रकाशाची तुलना करतो, म्हणजे आपल्या हवेतला धूसरपणा दोघांनाही सारखा लागू होऊन वजा होतो. पहिल्या प्रयत्नात दवाने आरसा धुरकटला आणि रात्र फुकट गेली. दुसऱ्या वेळी केस वाळवण्याचा ड्रायर गाडीच्या बॅटरीवर लावून नेला आणि आलेखात खड्डा स्पष्ट उमटला.

हवा वाचणे एवढ्या दुर्बिणीचे काम नाही. तरी हौशी निरीक्षकांच्या अशा नोंदी उपयोगी पडतात. युरोपीय अवकाश संस्थेची एरियल ही नियोजित दुर्बीण सुमारे हजार ग्रहांच्या हवेचा अभ्यास करणार आहे. तिला प्रत्येक अधिक्रमणाची वेळ आधीच नेमकी माहीत असावी लागते, कारण जुन्या वेळापत्रकातली काही सेकंदांची चूक वर्षानुवर्षे साठत जाऊन मिनिटांची होते. त्यासाठी एक्सोक्लॉक हा उपक्रम जगभरच्या निरीक्षकांकडून वेळा गोळा करतो.

गोदातीर

रात्रपाळी दादा, हे वाचून वर्गात एकच गलका झाला. पालकांची संमती घेऊन आठ मुली आणि दोन शिक्षक येऊ शकतील. संगणकाने काढलेला आलेख त्यांना लगेच दाखवू नये, अशी विनंती आहे. प्रत्येक छायाचित्रातले दोन आकडे तुम्ही वाचून दाखवावेत, भागाकार मुली करतील आणि आलेख कागदावर बिंदू त्याच मांडतील. घट केव्हा सुरू झाली हे त्यांना स्वतःच्या पेन्सिलीखाली दिसले पाहिजे.

रात्रपाळी

चालेल. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरमधले अधिक्रमण घेऊ. नाशिकहून सोयीच्या वेळी, म्हणजे तारा उंच असताना, ते महिन्यातून दोन-तीनदाच येते, त्यामुळे एक राखीव रात्रही धरून ठेवू. अधिक्रमण सुरू होण्याच्या तासभर आधी मोजणी सुरू करावी लागेल, कारण वजाबाकीसाठी आधीचा सपाट भाग पुरेसा लांब हवा. टॉर्चला लाल कागद लावून आणावा, आणि स्वेटर आणावेत, घाटाजवळ रात्री वारा असतो.

निफाडकर

त्या रात्री येणाऱ्यांच्या चहाची आणि जेवणाची व्यवस्था माझ्याकडे. दव किती वाजल्यापासून पडायला लागेल, हे संध्याकाळच्या हवेवरून मी सांगू शकेन. तेवढे माझ्यावर सोडा.